निळ्या ज्योतीखालची जमीन

1959 च्या जुलै महिन्यात नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगन प्रांतातल्या स्लोख्टरेन गावाजवळ, एका शेतकऱ्याच्या रानात खोदलेल्या विहिरीत नैसर्गिक वायू लागला. खोदकाम करणारी कंपनी होती एनएएम. शेल आणि एसो या दोन बड्या तेलकंपन्यांची त्यात निम्मी-निम्मी भागीदारी. किती मोठं घबाड हाती लागलंय याची कल्पना सुरुवातीला कंपनीलाही नव्हती, आणि जसजशी ती येत गेली तसतशी कंपनी तोंड मिटून बसली. अखेर ऑक्टोबर 1960 मध्ये युरोपीय संसदेत एका बेल्जियन सदस्याने हे गुपित फोडलं. ग्रोनिंगनखाली 300 अब्ज घनमीटर वायू आहे, असं तो म्हणाला, तेव्हा लोकांना आकडा फुगवलेला वाटला. प्रत्यक्षात साठा त्याच्या नऊपट, म्हणजे जवळजवळ 2,800 अब्ज घनमीटर निघाला. युरोपात आजवर सापडलेलं हे सर्वांत मोठं वायुक्षेत्र.

ज्याच्या रानात विहीर होती त्या शेतकऱ्याला या संपत्तीतला वाटा मिळाला नाही. नेदरलँड्समध्ये तेव्हा नेपोलियनच्या काळातला, 1810 चा खाणकायदा चालू होता. त्या कायद्याप्रमाणे वरची माती शेतकऱ्याची, पण खालच्या खनिजाचा मालक वेगळा. पुढची साठ वर्षं ग्रोनिंगनमध्ये जे घडलं, त्याचं बीज या वाटणीतच आहे असं मला वाटतं. खालचं ज्यांना मिळालं त्यांनी वरच्याचा विचार करायचा असतो, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नव्हतं.

सरकारने मात्र करार मोठ्या हुशारीने केला. आर्थिक व्यवहार मंत्री यान विलेम द पॉस यांनी 1962 मध्ये धोरण मांडलं आणि 1963 मध्ये सरकार, शेल आणि एसो यांची भागीदारी उभी राहिली. अणुऊर्जा आता स्वस्त होणार, मग वायूला कोणी विचारणार नाही, म्हणून तो लवकर उपसावा आणि लवकर विकावा, असा त्या काळचा हिशेब होता. देशभर नळ टाकायचं काम इतक्या झपाट्याने झालं की 1968 पर्यंत जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेत ग्रोनिंगनचा वायू पोचला. या वायूत सुमारे 14 टक्के नायट्रोजन असल्यामुळे त्याची उष्णता कमी, त्यासाठी वेगळे बर्नर लागत. तसे बर्नर घरोघरी बसवले गेले. पुढे बेल्जियम, जर्मनी आणि फ्रान्सच्या काही भागांतही त्याच वायूसाठीची उपकरणं बसली.

त्या पिढीला हा वायू वरदान वाटला यात त्यांचं काही चुकलं नाही. कोळशाची शेगडी म्हणजे पहाटे उठून राख काढणं, बादलीने कोळसा वर आणणं, भिंतीवर काजळी आणि हिवाळाभर खोकला. त्याच्या जागी भिंतीतून आलेला एक नळ, काडी लावली की निळी ज्योत, धूर नाही, राख नाही. शहरांची हवा खरोखर सुधारली. दक्षिणेकडच्या लिम्बुर्ग प्रांतातल्या कोळसा खाणी बंद करायचा निर्णय मंत्री योप डेन आउल यांनी डिसेंबर 1965 मध्ये जाहीर केला आणि 1974 पर्यंत शेवटची खाणही बंद झाली. खाणीत काळवंडणारी फुप्फुसं गेली, डोळ्यांना दिसणारी घाण गेली. वायूला ‘स्वच्छ इंधन’ हे बिरूद मिळालं ते या काळात, आणि ते चिकटून राहिलं.

1976 मध्ये उत्पादनाने शिखर गाठलं. त्या एका वर्षात 88 अब्ज घनमीटर वायू उपसला गेला. सरकारच्या तिजोरीत पैसा इतका आला की त्यातून समाजकल्याणाच्या योजना, रस्ते, पूल उभे राहिले. चलन महाग होऊन बाकीचे उद्योग आजारी पडले, तेव्हा ‘द इकॉनॉमिस्ट’ने 1977 मध्ये या दुखण्याला ‘डच डिसीज’ असं नाव दिलं. अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही ते शिकतात. ज्या प्रांताच्या पोटातून हा पैसा निघाला त्याच्या वाट्याला मात्र त्यातलं अगदी थोडं आलं. ग्रोनिंगन देशाच्या गरीब प्रांतांत मोडत होता आणि तसाच राहिला.

आता जमिनीखाली काय चाललं होतं ते पाहू. वायू म्हटला की खाली एखादी पोकळी असेल असं आपल्याला वाटतं. तशी पोकळी तिथे नाही. सुमारे तीन किलोमीटर खोल वाळूखडकाचा थर आहे, त्यावर मिठाचा जाड थर झाकणासारखा बसलेला. वाळूखडकाच्या कणाकणांमधल्या बारीक छिद्रांत वायू कोंडलेला होता, तोही सुमारे 350 बार दाबाखाली, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या 350 पट. वरच्या तीन किलोमीटर खडकाचं ओझं खडकाचे कण पेलत होते आणि त्यांच्या जोडीला हा दाबही पेलत होता. सायकलच्या ट्यूबमधली हवा कमी झाली की रिम खाली बसते, तसं इथे झालं. वायू निघत गेला, दाब 100 बारच्याही खाली गेला आणि सगळं ओझं कणांवर आलं. थर दबला. तो सगळीकडे सारखा दबला असता तर जमीन नुसतीच हळूहळू खाली गेली असती. पण या थरातून शेकडो जुने प्रस्तरभंग जातात. भंगाच्या एका बाजूला खडक जास्त दबतो, दुसऱ्या बाजूला कमी, मधे ताण साठतो आणि एक दिवस खडक सरकतो. त्यालाच वर राहणारी माणसं भूकंप म्हणतात.

जमीन खचणार हे कंपनीला आधीपासून माहीत होतं. 1983 मध्ये ग्रोनिंगन प्रांत आणि एनएएम यांच्यात तसा करारही झाला की खचण्यामुळे जे खर्च येतील ते कंपनी सोसेल. वायुक्षेत्राच्या मध्यावर जमीन आजवर 30 सेंटिमीटरहून अधिक खाली गेली आहे. दख्खनच्या पठारावर वीतभर जमीन खाली गेली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ज्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीला टेकलेला किंवा तिच्याही खाली आहे, जिथे पाणी रोज पंपाने उपसून कालव्यात टाकावं लागतं, तिथे एका फुटाने सगळं गणित बदलतं. कालव्यांचे बांध उंच करावे लागले, नवे पंप बसवावे लागले, पाण्याची पातळी भागाभागाने वेगळी राखावी लागली. हा खर्च आणि ही राखण वायू संपल्यावरही चालूच राहणार, कारण खचलेली जमीन पुन्हा वर येत नाही.

खचण्याची कबुली होती. भूकंपाची नव्हती. 26 डिसेंबर 1986 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, शेजारच्या ड्रेंथ प्रांतात आसेन शहराजवळ 2.8 तीव्रतेचा धक्का बसला. तिथेही लहान वायुक्षेत्रं होती. भूकंप हा शब्द ज्या भागाच्या इतिहासात नाही तिथे हे घडलं. आसेनचे भूगोलतज्ज्ञ मेंट फान डेर स्लाउस हे याचा संबंध वायूच्या उपशाशी आहे असं जाहीरपणे सांगू लागले. कंपनीने त्यांना उडवून लावलं. तज्ज्ञ म्हणवणाऱ्या पुष्कळांनीही त्यांना गांभीर्याने घेतलं नाही. ते सांगत राहिले. डिसेंबर 1991 मध्ये मिडेलस्टुम गावी, आता थेट ग्रोनिंगनच्या मुख्य वायुक्षेत्रावर, 2.4 तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. 1993 मध्ये सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने अखेर मान्य केलं की वायू उपसल्यामुळे भूकंप होऊ शकतात.

कोयना आठवणारा मराठी वाचक या ठिकाणी थांबेल. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं, तेव्हापासून माणसाच्या कामामुळे जमीन हलू शकते का, हा प्रश्न महाराष्ट्रात वाद घालून घालून जुना झाला आहे. धरणात साठलेलं पाणी आणि खडकातून झालेला वायूचा उपसा यांची कारणयंत्रणा वेगळी आहे, पण जगातल्या भूकंपशास्त्रज्ञांनी कोयनेचा अभ्यास ग्रोनिंगनच्या पहिल्या धक्क्याच्या कितीतरी आधीपासून केला होता. म्हणून 1986 मध्ये ‘असं होऊच शकत नाही’ असं म्हणणाऱ्यांना अज्ञानाची सबब देता येत नाही.

कबुलीनंतर सुरू झाला मर्यादेचा खेळ. या भागात जास्तीत जास्त केवढा भूकंप होईल याचा अंदाज डच हवामान संस्थेने 1990 च्या दशकात 3.3 दिला. काही वर्षांनी तो 3.8 झाला, मग 3.9. दर वेळी निष्कर्ष एकच निघे, की किरकोळ तडे जातील, घाबरायचं कारण नाही. 2006 मध्ये वेस्टरेमडेनला 3.5 चा धक्का बसला. 3.5 हा आकडा लातूर-किल्लारी पाहिलेल्या आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण इथले भूकंप जेमतेम तीन किलोमीटर खोलीवर होतात. वर मऊ चिकणमाती, ती हादरा वाढवते. आणि घरं विटांची, लोखंडी आधार नसलेली, कारण या भागात भूकंप होतील हे धरून कोणी घर बांधलंच नव्हतं.

16 ऑगस्ट 2012 च्या रात्री साडेदहाच्या सुमारास हाउझिंगे या छोट्या गावाखाली 3.6 तीव्रतेचा धक्का बसला. आजवरचा तिथला हा सर्वांत मोठा. मेलं कोणी नाही. पण त्या रात्री मोठ्या क्षेत्रातल्या लोकांनी आवाज ऐकला, भिंती हलताना पाहिल्या, आणि नुकसानीच्या तक्रारींचा ढीग लागला. खाणींवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने आकडे पुन्हा तपासले आणि जानेवारी 2013 मध्ये मंत्र्यांना कळवलं की याहून मोठे भूकंप होऊ शकतात, वरची मर्यादा सांगता येत नाही, तेव्हा उपसा शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितका कमी करा. मंत्री होते हेंक काम्प. त्यांनी आधी आणखी चौदा अभ्यास करायचं ठरवलं. अभ्यास चालू असताना, 2013 या त्याच वर्षी, उपसा कमी होण्याऐवजी वाढून सुमारे 54 अब्ज घनमीटरवर गेला. आधीच्या वर्षी तो 48 च्या आसपास होता. माझ्या मते संपूर्ण साठ वर्षांत या एका वर्षाइतकं लाजिरवाणं दुसरं वर्ष नाही. 1986 मध्ये शंका होती, 1993 मध्ये कबुली होती, पण 2013 मध्ये सरकारच्याच खात्याचा लेखी इशारा टेबलावर होता.

लॉपरसुमच्या आसपासच्या गावांतलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. शंभर-सव्वाशे वर्षांचं विटांचं घर, पाठीमागे गोठा आणि धान्याचं कोठार एकाच छपराखाली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा छतापर्यंत गेलाय. बाहेरच्या भिंतीला जाडजूड लाकडी टेकू लावलेत. ते तात्पुरते म्हणून लावले आणि वर्षानुवर्षं तसेच राहिले. पंचनाम्याला माणूस येतो, तड्यांचे फोटो काढतो, आणि प्रत्येक तड्याला अ, ब किंवा क अशी खूण देतो. अ म्हणजे भूकंपाने झालेला, ब म्हणजे आधीचा पण भूकंपाने वाढलेला, क म्हणजे भूकंपाशी संबंध नसलेला. क मिळाला की पैसा नाही. मग घरमालक दुसरा तज्ज्ञ आणतो, कंपनी तिसरा आणते, फाइल जाडी होत जाते. एका घराचं मजबुतीकरण मंजूर होतं, तर भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घराचं होत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे जाणं-येणं असलेल्या घरांत बोलणं बंद होतं. शेतकऱ्यांच्या गोठ्याखालच्या शेणमुताच्या टाक्यांना तडे गेले, त्यातलं पाणी जमिनीत झिरपू लागलं, त्या कोणत्या खान्यात बसवायच्या यावर वाद. घर विकावं तर गिऱ्हाईक नाही. ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं पाहणी करून दाखवलं की ज्यांच्या घरांचं वारंवार नुकसान झालं त्यांची तब्येतही ढासळत गेली. त्याचं कारण भूकंपापेक्षा हे अर्ज, हेलपाटे आणि अविश्वास हेच जास्त होतं.

2009 पासून गावकऱ्यांची संघटना काम करत होती. हिवाळ्याच्या रात्री मशाली घेऊन ग्रोनिंगन शहरातून मोर्चे निघाले. देशाच्या सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी 2015 च्या अहवालात लिहिलं की 2013 पर्यंत वायूबद्दलच्या निर्णयांत रहिवाशांची सुरक्षितता हा मुद्दाच नव्हता. 2016 च्या अखेरीस कायदा बदलला आणि तडा भूकंपामुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आली. तोवर तडा भूकंपामुळेच आहे हे घरमालकाला सिद्ध करावं लागे. 8 जानेवारी 2018 रोजी झेराइप गावी 3.4 चा धक्का बसला आणि मार्च 2018 मध्ये मंत्री एरिक व्हीबेस यांनी जाहीर केलं की 2030 पर्यंत ग्रोनिंगनचा उपसा शून्यावर आणायचा. त्याच वर्षीच्या जुलैपासून नव्या घरांना वायूची जोडणी देणंही साधारणपणे बंद झालं. 1960 च्या दशकात जो देश इतक्या झपाट्याने वायूवर गेला, तोच आता घरातून वायू बाहेर काढायच्या तयारीला लागला.

2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, वायूचे भाव आकाशाला भिडले आणि ग्रोनिंगन पुन्हा उघडा असा दबाव देशातून आणि बाहेरूनही आला. सरकारने तो मानला नाही. 1 ऑक्टोबर 2023 रोजी उपसा थांबला. एप्रिल 2024 मध्ये वरिष्ठ सभागृहाने कायदा मंजूर केला आणि हे क्षेत्र कायमचं बंद झालं. खाली अजून शेकडो अब्ज घनमीटर वायू शिल्लक आहे. तो काढायला आता कायद्यानेच बंदी आहे.

भूकंप हा या वायूचा सगळ्यांत ठळक तोटा, पण एकमेव नाही. एक घनमीटर वायू जाळला की सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ग्रोनिंगनमधून एकूण 2,200 अब्ज घनमीटरहून अधिक वायू उपसला गेला, म्हणजे ढोबळ हिशेबाने 400 कोटी टन कार्बन डायऑक्साइड. कोळशाने तेवढीच उष्णता मिळवली असती तर याच्या पावणेदोनपट गेला असता हे खरं, आणि ते मान्य करायलाच हवं. पण वायू स्वस्त आणि हाताशी होता म्हणून डच लोकांनी कमी ऊर्जेत भागवायला शिकण्याऐवजी काचेच्या शेडमध्ये भर थंडीत टोमॅटो पिकवले आणि पातळ भिंतींची घरं बांधून ती वायूने तापवली. शिवाय न जळता गळतीतून निसटणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीच्या घरात वातावरण तापवतो, तेव्हा नळांचं जाळं जितकं लांब, तितकी ही चिंता मोठी. 1960 च्या दशकात हे कोणाच्या गणितात नव्हतं. आज ते माहीत असूनही कोळशापासून पुढे जाताना वायू हा ‘मधला पूल’ आहे असं जगभर सांगितलं जातं. नेदरलँड्स त्या पुलावर साठ वर्षं उभा राहिला.

संसदेच्या चौकशी समितीने फेब्रुवारी 2023 मध्ये अहवाल दिला. ग्रोनिंगनची माणसं वायूच्या वर, असं त्याच्या शीर्षकातच लिहिलं होतं. त्यात हिशेब मांडला होता: सरकारला या वायूतून सुमारे 363 अब्ज युरो मिळाले, शेल आणि एसोची मालक कंपनी एक्सॉन यांना सुमारे 66 अब्ज. समितीने म्हटलं की ग्रोनिंगनच्या लोकांचं हित पद्धतशीरपणे डावललं गेलं आणि देश त्यांचं देणं लागतो. तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी माफी मागितली. सरकारने पुढच्या तीस वर्षांसाठी 22 अब्ज युरोंची योजना जाहीर केली.

निवाडा द्यायचाच झाला तर तो मला असा दिसतो. वायू स्वच्छ आहे की नाही हे पन्नास वर्षं फक्त शेगडीपाशी मोजलं गेलं. विहिरीपाशी ते मोजायला 2012 उजाडावं लागलं, आणि तेही तिथल्या लोकांनी मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्यावर मान्य झालं. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांत नळाने वायू पोचतो आहे, तो वापरणाऱ्याने निदान एवढं विचारावं की तो कुठल्या जमिनीतून येतो आणि त्या जमिनीवर कोण राहतं.

ग्रोनिंगनच्या भागात आजवर हजाराहून अधिक भूकंप नोंदले गेले आहेत. सुमारे 27,000 घरं मजबुतीकरणाच्या यादीत आली आणि त्यातल्या पुष्कळांचं काम अजून बाकी आहे. उपसा बंद होऊनही खडकातला दाब सगळीकडे सारखा व्हायला वेळ लागतो, त्यामुळे धक्के अजून बसतात आणि आणखी कित्येक वर्षं बसत राहतील असं तज्ज्ञ सांगतात. नुकसानभरपाईसाठी 2020 मध्ये सरकारने वेगळी संस्था स्थापन केली, आणि तिच्याकडे अर्ज अजूनही येत आहेत.